पुराची रेघ

त्यांना सगळे ‘जिथल्यातिथे आजोबा’ म्हणत, आणि हे नाव काही त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. चाळीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात स्टोअरकीपर. दिवे गेले तरी कापसाचा गठ्ठा कुठल्या फळीवर आहे ते अंधारात हात घालून काढून देणारा माणूस. नोकरी संपून चौदा वर्षं झाली, पण खोड संपली नाही. जित्याची खोड ती, अशी कशी जाईल? घरात कुणी चष्मा टेबलावर ठेवून पाणी प्यायला उठलं, की परत येईपर्यंत चष्मा डबीत, डबी खणात आणि खण बंद. वर “जिथलं तिथे!” हे ऐकून घ्यायचं ते वेगळंच. आजी म्हणायच्या, “दुपारी जरा आडवं व्हायचं म्हटलं तरी मला धास्ती वाटते बाई. डोळा लागला की हे माझी घडी घालून कपाटात ठेवतील.”

तर अशा या आजोबांनी आपल्या सुनेचं वाटोळं केलं. निदान पुरानंतरच्या दहाव्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, त्यांची स्वतःची तरी तशी खात्री पटली होती. आता हे झालं कसं, ते पहिल्यापासून सांगायला हवं.

घराच्या खालच्या अंगाला, नदीकडे, सुनेची रोपवाटिका होती. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांची रोपं ती काळ्या ट्रेंमध्ये वाढवायची आणि आसपासच्या शेतकऱ्यांना विकायची. उंच चौथऱ्यावर लांबलचक शेड, विटांच्या भिंती, सिमेंटची जमीन, पाण्याची मोटर, रोपांना बारीक पाणी फवारणारे पाइप. सगळं तिने एकेक करून जमवलेलं. त्याआधी ती डब्यांच्या कारखान्यात होती. दिवसभर उभं राहून झाकणं बसवायची, वर जाण्यायेण्यात तीन तास. संध्याकाळी घरी यायची ती सरळ आत येतच नसे. पायरीवर बसायची, चपला काढून पाय चेपायची, आणि मग उठून आत. ते सुजलेले पाय आजोबांनी नऊ वर्षं पाहिले होते. सात वर्षांपूर्वी तिने कारखाना सोडायचं ठरवलं, तेव्हा नवऱ्याने, म्हणजे आजोबांच्या मुलाने, “बघ बुवा” एवढंच म्हटलं. तो ट्रकवर असतो, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. आजोबा मात्र सुनेच्या पाठीशी उभे राहिले. खराटा घेऊन उभे राहिले, पण राहिले.

आणि पहिल्याच वर्षी त्या खराट्यावरून भांडण झालं.

शेडच्या कोपऱ्यात एक लहान खोली होती. तिथे सुनेचं टेबल, वह्या, खतांची पाकिटं आणि बियाणं. बियाण्याची फाटकी पाकिटं, कुठे रबर लावलेलं, कुठे चिमटा, काही खिळ्याला अडकवलेली. तिला सगळं सापडायचं. आजोबांना ते बघवायचं नाही. एके दिवशी सून बाजारात गेली आणि या सद्गृहस्थांनी तीस काचेच्या बरण्या आणल्या, घट्ट फिरकीच्या झाकणांच्या. सगळं बी त्यांत ओतलं, मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. टोमॅटो. वांगी. मिरची. आता मिरची चार जातींची होती. पण मिरची म्हणजे मिरची, नाही का? चारही जाती एका बरणीत, आणि वर चिठ्ठी झोकात!

दोन महिन्यांनी एक शेतकरी टोपलीभर जाड्या, गोडसर मिरच्या घेऊन दारात आला. “ताई, मी तिखट मागितली होती. ही माझी नातवंडं नुसती खातात आणि हसतात.” त्याच्यामागे आणखी तिघं आली. त्या हंगामात सुनेने मान खाली घालून सगळ्यांना रोपं फुकट दिली. रागावली नाही, ओरडली नाही. संध्याकाळी फक्त आजोबांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, घर तुमचं, अंगण तुमचं, शेडसुद्धा तुमची. काय झाडायचं ते झाडा. पण ती एक खोली माझी. तिच्यात तुम्ही पाऊल टाकायचं नाही.”

“नाही टाकणार,” आजोबा म्हणाले. “शब्द आहे माझा.”

मनाला लागलं होतं. पण शब्द दिला तो दिला. त्या खोलीवरून जाताना ते मान दुसरीकडे वळवत, आणि हळूहळू तर ती खोली त्यांच्या लेखी जगात उरलीच नाही.

मग यंदा पूर आला.

सून तेव्हा पलीकडच्या गावी होती. तिच्या आईचं ऑपरेशन होतं. नदी दुपारच्या चहाच्या वेळेला काठ सोडून वर चढली, संध्याकाळपर्यंत पूल पाण्याखाली गेला, वीज गेली, फोन मुके झाले. घर उंचावर, म्हणून वाचलं. आजी-आजोबा गच्चीतून बघत राहिले. रोपवाटिकेचा चौथरा बुडाला, मग दार अर्धं बुडालं, मग ट्रे तरंगत बाहेर आले. काळे चौकोनी ट्रे, त्यांत हिरवी रोपं, एकामागून एक निघालेले. आजी डोळ्याला पदर लावून आत गेल्या. आजोबा मात्र शेवटचा ट्रे दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. मागे ठेवून गेलं चिखल. घोटा बुडेल एवढा, काळा, वास मारणारा. भिंतींवर चिखल, मोटरीत चिखल, उरलेल्या ट्रेंमध्ये चिखलात गाडलेली रोपं. आजोबांनी दारात उभं राहून एकदा सगळीकडे पाहिलं, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, “ती यायच्या आत इथे चिखलाचा ठिपका राहता कामा नये.”

“अहो, तुमचं वय काय, चिखल केवढा!” आजी म्हणाल्या.

“तिने हे असं बघायचं? सात वर्षांची मेहनत तिची. निदान जागा तरी स्वच्छ दिसू दे तिला.”

आणि मग सात दिवस हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबला. फावड्याने चिखल ओढला, खड्डा खणून मेलेली रोपं त्यात पुरली, वर माती सारखी केली. वाचलेले ट्रे धुऊन आकाराप्रमाणे रचले. मोटर उघडून पुसली. भिंती ब्रशने घासल्या, आणि घासूनही एक पिवळट रेघ राहिली तेव्हा चुन्याची पोती आणून चारही भिंतींना दोन हात दिले. कंबर धरली, तळहातांना फोड आले. आजी संध्याकाळी तेल चोळताना बडबडत, आणि सकाळी पुन्हा त्यांच्याबरोबर बादली धरून उभ्या राहत.

शेजारचा गोठेवाला कुंपणावर हात टेकून हे सगळं बघायचा. आळशी म्हणजे इतका आळशी, की त्याच्या गोठ्यातला चिखल वाळून भेगा पडायला लागल्या तरी याने एक घमेलं उचललं नव्हतं. “आजोबा, एवढी काय घाई आहे?” तो विचारायचा.

“तुला नाही कळायचं ते,” आजोबा म्हणायचे.

दहाव्या दिवशी पूल सुरू झाला आणि पहिल्या बसने सून आली. आजोबा धुतलेला सदरा घालून रोपवाटिकेच्या दारात उभेच होते. तिने दोघांना वाकून नमस्कार केला, विचारपूस केली, आई बरी आहे म्हणून सांगितलं आणि अधीरपणे विचारलं, “शेडमध्ये काही हलवलं नाहीत ना?”

“तू बघच,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली.

सुनेने पाहिलं. पांढऱ्याशुभ्र भिंती. आरशासारखी जमीन. एका रेषेत रचलेले ट्रे. कोपऱ्यातल्या तिच्या खोलीचं दारसुद्धा धुऊनपुसून लख्ख, कडी चकचकीत. तिचा चेहरा हळूहळू उतरला. जवळच एक उपडा क्रेट होता, त्यावर ती मटकन बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “हे काय करून बसलात?”

आजोबांना काही कळेना. शाबासकी नको, पण हे काय?

“आज सरकारी पाहणी आहे. पंचनामा. सगळी बस तेच बोलत होती. पाणी किती चढलं ते भिंतीवरची खूण बघून ठरवतात. कंबरेच्या वर खूण असेल तर पूर्ण मदत. मोटर, ट्रे, पाइप, रोपं, सगळं धरून. गुडघ्यापर्यंत असेल तर थोडीफार. आणि खूण नसेल तर…” तिने पांढऱ्या भिंतीकडे हात केला. “मला वाटलं, दोन म्हातारी माणसं, यांच्याच्याने काय हलणार. चला, बरंच झालं. असं मनाशी म्हणत आले मी.”

“पण पूर आला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे!”

“पूर आला हे ठाऊक आहे. आपल्या चौथऱ्यावर किती आला, हे कोण सांगणार?”

“फोटो?” आजींनी विचारलं, आणि मग त्यांनाच आठवलं. वीज आठ दिवस नव्हती, घरातले दोन्ही फोन बंद पडून होते.

  सून ओरडली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने उठली, कागदपत्रं शोधायला घराकडे निघाली आणि जाताजाता अगदी सहज म्हणाली, “कारखान्यात अजून घेतात म्हणे जुन्या बायकांना. बघावं लागेल.”

आजोबांना ते वाक्य छातीत बसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी सांगितलं होतं? कुणी बोलावलं होतं? अति तिथे माती, आणि इथे तर नेमकी मातीच नको तेवढी साफ करून ठेवली होती! त्यांना तिची ती पायरी दिसायला लागली, ते सुजलेले पाय दिसायला लागले. आता ती सात वर्षांनी म्हातारी झालेली. त्या पायांवर पुन्हा दिवसभर उभी राहणार, आणि तेही माझ्यामुळे, या खराट्यामुळे.

गोठेवाला कुंपणावरून ओरडला, “आजोबा, माझा झाला पंचनामा! दहा मिनिटांत! पाहणीवाल्या बाई म्हणाल्या, सगळं जसंच्या तसं ठेवलंत, फार चांगलं केलंत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या आळसाचं कौतुक केलं बघा!”

 आजोबा मागच्या बाजूला गेले, बादलीत थोडी माती घेतली, पाणी ओतलं, कालवली, आणि ब्रश घेऊन शेडमध्ये आले.

दहा मिनिटांनी आजी आत आल्या, तर हे गुडघ्यावर बसलेले. भिंतीवर कंबरेच्या उंचीला एक मातकट पट्टा ओढलेला. आणि ब्रशखाली लाकडी फूटपट्टी धरलेली.

“अहो! काय करताय?”

“रेघ मारतोय.”

“फूटपट्टीने?”

“मग वाकडी नाही का येणार?”

 “अहो, पूर काय फूटपट्टी घेऊन आला होता? आणि चाळीस वर्षं दवाखान्यातली एक पट्टी घरी आणली नाहीत तुम्ही. बोट कापलं तर दुकानातून विकत आणायचात. आता या वयात खोटी रेघ मारणार?”

आजोबांनी ब्रश खाली ठेवला. आपल्या रेघेकडे पाहिलं. इतकी सरळ, इतकी नीटनेटकी रेघ कुठल्याही नदीने आजवर काढली नसेल. त्यांना हसू यावं की रडू यावं ते कळेना. मग त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि रेघ पुसून टाकली, कडांपर्यंत, डाग राहणार नाही अशी.

“मी तिचं नुकसान केलं गं,” ते म्हणाले.

“केलंत,” आजी म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “पण मायेपोटी केलंत. आता उठा, हात धुवा. माणसं येतायत.”

पाहणीवाल्या बाई आल्या त्या कंबरेपर्यंत चिखलाने माखलेल्या. गमबूट, हातात फॉर्मचा गठ्ठा, खांद्यावर मोजायची टेप. सकाळपासून बावीस ठिकाणं पायाखाली घालून आल्या होत्या, डोळे लाल. शेडच्या दारात त्या थबकल्या. आतली जमीन पाहिली, आपले बूट पाहिले, आणि बूट काढून बाहेर ठेवले. मग मोजे घातलेल्या पायांनी आत आल्या आणि चहूकडे बघून म्हणाल्या, “इथे… पूर आला होता?”

“आला होता मॅडम,” सून म्हणाली. “माझ्या सासऱ्यांनी आवरलं.”

“एवढं?”

“एवढंच नाही, मॅडम, अंगणसुद्धा बघा,” आजी म्हणाल्या, आणि मग जीभ चावली.

बाईंनी भिंतीवरून हात फिरवला. बोटांना चुना लागला. त्यांनी सुस्कारा सोडला. “हे बघा ताई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. तुमचे चेहरेच सांगतायत. पण मला जे दिसतं तेच लिहायचं असतं. ऐकीव लिहिलं तर उद्या माझी चौकशी. शेजारचा गोठा सखल आहे, तुम्ही चौथऱ्यावर. त्यांची खूण तुम्हाला चालायची नाही. रोपं कुठे आहेत?”

“पुरली.”

“ट्रे?”

“धुतले.”

“मोटर?”

“पुसली,” आजोबा म्हणाले, आणि त्यांची मान आणखी खाली गेली. कबुली देणाऱ्या चोराचीसुद्धा इतकी खाली जात नसेल.

बाईंनी फॉर्म मांडला, पेन काढलं. पेन कागदाला टेकलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्या थांबल्या. “अहो, माणसाच्या हातून काहीतरी राहतं. एक कोपरा, एक फडताळ. इतक्या मोठ्या जागेत एकही जागा धुवायची राहिली नाही?”

“यांच्या हातून?” सून कडवट हसली. “मॅडम, यांच्या हातून काही राहत नाही. बघा ना, ते दारसुद्धा.”

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या लख्ख दाराकडे पाहिलं. आजोबांनीही पाहिलं, आणि त्यामागे खोली आहे हे त्यांना कितीतरी वर्षांनी आठवलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम रंग चढला. लाजेचा रंग. त्यांनी घसा खाकरला.

“एक जागा राहिलीय,” ते म्हणाले. “पण ती दाखवण्यासारखी नाही. फार घाण असेल. तुम्ही सरकारी माणसं, पहिल्यांदाच आलात…”

“कुठली जागा?” सुनेने विचारलं.

“तुझी खोली.”

“पण दार तर धुतलंय तुम्ही!”

“दार बाहेरून माझ्याकडे येतं,” आजोबा म्हणाले. “आतून तुझ्याकडे. मी आत पाऊल टाकलेलं नाही. शब्द दिला होता तुला.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली.  आणि मग ती धावलीच. कडी काढली, दार ढकललं. दार उघडेना. आतून गाळ साचला होता, लाकूड फुगलं होतं. तिने खांदा लावला, बाईंनी फॉर्मचा गठ्ठा आजींच्या हातात कोंबून दुसरा खांदा लावला. दार कुरकुरलं, हातभर सरकलं, आणि आतून असा काही वास आला की आजींनी नाकाला पदर लावला.

काय सुंदर घाण होती ती! गुडघ्याच्या खाली चिखल. टेबल आडवं पडलेलं. वह्या फुगून गच्च झालेल्या. खुर्चीत एक टोमॅटोच्या रोपांचा ट्रे येऊन बसलेला, रोपं मान टाकून मेलेली. आणि चारही भिंतींवर, कॅलेंडरच्या मधोमध, खिडकीच्या काचेवर, दाराच्या आतल्या अंगावर, तपकिरी, नागमोडी, खरीखुरी रेघ. कॅलेंडरचे वरचे पंधरा दिवस कोरे करकरीत आणि खालचे पंधरा चिखलात.

बाईंनी मोजे काढले, सलवार वर खोचली आणि तशाच चिखलात उतरल्या. टेपचं एक टोक जमिनीला लावलं, दुसरं रेघेला. सुनेने श्वास धरून ठेवला होता. आजोबांनी डोळे मिटले होते.

“चार फूट, एक इंच,” बाई म्हणाल्या. “कंबरेच्या वर. छातीपर्यंतच म्हणा. हे मी लिहू शकते. डोळे झाकून लिहू शकते!”

“हुश्श!” आजी मोठ्याने म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सून एका हाताने भिंत धरून हसत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती, त्यामुळे तोंडभर चिखल लागला होता. गोठेवालाही कुंपण ओलांडून आला होता. तो म्हणाला, “बघा आजोबा, मी सांगत नव्हतो? थोडी घाण असावी माणसाच्या घरात!” आणि आयुष्यात पहिल्यांदाच आजोबांनी त्याचं म्हणणं मान्य केलं.

बाई फोटो काढत होत्या. आजोबा उंबऱ्याच्या बाहेरूनच मान पुढे करून बघत होते, आणि तेवढ्यात त्यांना फळीवर काहीतरी दिसलं. चिखलाने माखलेल्या काचेच्या बरण्या. ओळीने. त्यांच्याच बरण्या! त्यांची समजूत होती की त्या भांडणानंतर सुनेने त्या भंगारात टाकल्या. चिखलाखालून एकीवर त्यांचं अक्षर डोकावत होतं, ‘मिरची’, आणि पुढे सुनेच्या अक्षरात जातीचं नाव जोडलेलं. दुसरीवरही तसंच. तिसरीवरही.

नकळत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि हात लांब केला.

“हात लावू नका!” सून आणि बाई एकदमच ओरडल्या.

आजोबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

बाईंनी फोटो काढून झाल्यावर सुनेने एक बरणी उतरवली आणि जोर लावून झाकण फिरवलं. आत बी कोरडं ठणठणीत. झाकणाच्या आत पाण्याचा थेंब नव्हता. दुसरी उघडली, तीही तशीच. तीस बरण्या पाण्याखाली दोन दिवस, आणि पुढच्या हंगामाचं सगळं बी शाबूत.

“बियाणं वाचलंय,” बाई म्हणाल्या. “ते मग मला नुकसानीत धरता यायचं नाही हं.”

“नका धरू!” सून म्हणाली. “मॅडम, मुळीच नका धरू!”

मग ती आजोबांकडे वळली. ते अजून उंबऱ्याबाहेर, रुमाल हातात घेऊन.

“मला वाटलं टाकून दिल्यास,” ते म्हणाले.

“बरण्या चांगल्या होत्या, बाबा. भांडण मिरचीचं होतं.”

बाईंनी सह्या घेतल्या, आजींच्या हातचा चहा घेतला, बूट घातले आणि पुढच्या शेताकडे निघाल्या. जाताना आजोबांना म्हणाल्या, “आजोबा, आमच्या कार्यालयात एकदा या. फायली बघून तुम्हाला वेड लागेल.” आजोबा खुलले. आजींनी लगेच बजावलं, “काही जायचं नाही!”

तरी सुनेची भीती गेली नव्हती. पुन्हा तपासणी आली तर? म्हणून तिने सांगितलं, पैसे जमा होईपर्यंत खोलीला हात लावायचा नाही. चिखल वाळला, भेगा पडल्या, वास दारातून बाहेर यायला लागला. आजोबांनी कसे दिवस काढले ते त्यांचं त्यांना माहीत. दिवसातून चार वेळा ते दाराजवळ जायचे, मागे हात बांधून उभे राहायचे आणि परत यायचे. एकदा तर आजींनी त्यांना झोपेत हात हलवताना पाहिलं, झाडत असल्यासारखा.

पंचनाम्यानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी, सून नवे ट्रे मांडत असताना, तिच्या फोनवर मेसेज आला. तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग फोन आजींच्या हातात दिला आणि आजींनी चष्म्यासाठी हाक मारली. चष्मा अर्थातच डबीत, डबी खणात. पूर्ण मदत जमा झाली होती. मोटर, पाइप, ट्रे, रोपं, सगळं धरून. कारखान्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. सून शेडच्या पायरीवर बसली. चपला काढून पाय चेपले नाहीत, नुसतीच ऊन खात बसली. आजोबा लांबून बघत होते. त्यांनी मान फिरवून डोळे पुसले आणि उगाच खराटा झटकला.

थोड्या वेळाने आतून हाक आली. “बाबा! बादली घेऊन या!”

ते बादली, फडकी, खराटा, सगळा सरंजाम घेऊन निघाले आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात येऊन थांबले. सून आत वाळलेल्या चिखलात उभी होती, हातात एक बरणी.

“या ना,” ती म्हणाली.

“आत?”

“आत. मी एकटी कुठवर करू?”

आजोबांनी उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, मग कुठे उभं राहायचंय ते आठवून परत घातल्या, आणि आत पाऊल टाकलं. तिने बरणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पुसली, झाकण पुसलं, तळ पुसला, उजेडात धरून पाहिली. मग सवयीने त्यांची नजर फळ्यांवरून फिरली. वरची फळी, मधली फळी, उंचीप्रमाणे, अक्षराप्रमाणे. तोंडसुद्धा उघडलं होतं.

ते मिटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“ही कुठे ठेवू?” आजोबांनी विचारलं.